रेन गार्डन, ग्रास पेव्हर आणि चेंबरची जाळी : साताऱ्यातल्या आमच्या सोसायटीचा अनुभव

पार्किंगमधनं वाहून जाणारं घाण पावसाचं पाणी खालच्या तळ्यात जाऊ नये म्हणून आम्ही तीन गोष्टी करून घेतल्या, रेन गार्डन (पाणी मुरवणारा खोलगट वाफा), ग्रास पेव्हर (भोकात गवत लावायचे ब्लॉक) आणि गटाराच्या चेंबरला जाळी, त्यांचा हा रिव्ह्यू. पाचपैकी साडेतीन स्टार. त्यातले तीन एकट्या रेन गार्डनचे आणि तेही आम्ही मागं लागून दुरुस्त करून घेतल्यानंतरचे. जाळीला अर्धा. ग्रास पेव्हरला काहीच नाही, ते कशामुळं ते पुढं लिहिते.

कॉन्ट्रॅक्टरचं नाव टाकत नाही, कारण मला भांडण करायचं नाहीये आणि माणूस तसा वाईट नाही, फोन उचलतो, बोलावलं की येतो (उशिरा). पण हे काम करून घ्यायचं ठरलं तेव्हा मी मराठीत कुणी काही लिहिलंय का म्हणून लय शोधलं आणि जे सापडलं ते सगळं बाहेरच्या देशातलं, बर्फ वितळल्यावर काय करा, रस्त्यावर मीठ टाकता का, असलं. आपल्याकडं वळीव, मृग, आठ महिने कोरडं ऊन, पार्किंगमध्ये धुतल्या जाणाऱ्या गाड्या आणि डीएपी खत टाकणारे माळीमामा, याचा त्यात काय संबंध. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आमची बिल्डिंग अजिंक्यताऱ्याच्या उताराला, गोडोलीकडच्या बाजूला. पार्किंग सगळं काँक्रीट, ६०० चौरस मीटरच्या आसपास, आणि उतार गेटकडं. पाऊस पडला की पाणी गेटखालून बाहेरच्या गटारात, गटारातून ओढ्यात, आणि ओढा खाली तळ्याच्या दिशेनं. लोकांना वाटतं गटारात गेलेलं पाणी कुठंतरी साफ होत असेल, पण पावसाळी गटाराच्या वाटेत साफ करणारं काहीच नसतं, जे आत पडलं ते तसंच्या तसं खाली. आमच्या मीटिंगमध्ये तळ्याचा विषय निघाला की गाडी दर वेळी गणपतीच्या मूर्तींवर जायची, पीओपी, रंग, कृत्रिम तळं. तो विषय बरोबरच आहे, पण विसर्जन वर्षातनं एकदा, आणि आपलं पार्किंग प्रत्येक सरीला तळ्यात विसर्जन करतंय त्याचं काय, असं मी म्हणलं तेव्हा चेअरमनकाका म्हणाले, वहिनी, मग तुम्हीच बघा आता काय ते. तर बघितलं.

आधी हिशोब, कारण हिशोबाशिवाय कॉन्ट्रॅक्टरसमोर बसू नका. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एवढं एक लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं. ६०० चौरस मीटरवर २५ मिलिमीटरची एक चांगली सर आली की १५ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरचे दीड टँकर, एकट्या आमच्या पार्किंगमधनं. थोडं जमिनीत भेगांत जातं, थोडं वाळतं, पण काँक्रीटवरचं बहुतेक सगळं वाहूनच जातं. आणि त्यात काय काय असतं, तर इंजिन ऑइलचे थेंब, ब्रेकची आणि टायरची झीज, कुत्र्यांची घाण, पलीकडं चाललेल्या बांधकामाची माती, कुंड्यांतनं वाहून आलेलं खत, पुड्या. यातली डोळ्याला दिसते ती पुडी, म्हणून सगळे तिच्यावरच बोलतात. पण तळ्याचं खरं वाटोळं करते ती बारीक माती, कारण स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मातीच्या बारीक कणांना चिकटून जातो आणि गोड्या पाण्यात शेवाळ किती माजणार हे बरंचसं त्याच्यावर ठरतं. शेवाळ माजलं की पाणी हिरवं, मग ते मरून तळाला कुजतं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं, त्यात रात्री उजेड नसल्यामुळं नवा ऑक्सिजन तयार होत नाही, आणि म्हणून मासे पहाटे मेलेले दिसतात. जलपर्णीलाही हेच खाद्य. मग पोकलेन लावून जलपर्णी काढायची, फोटो काढायचे, आणि पुढच्या वर्षी परत.

कासचं पाणी आपण सातारकर वर्षानुवर्षं पितोय ते चांगलं का, तर तलावाच्या वरच्या अंगाला जंगल आणि पठार आहे, पार्किंग नाही. (म्हणजे अजून तरी. तिकडं हॉटेलं कशी वाढायलीत ते शनिवारी-रविवारी कुणीही जाऊन बघावं.) आणि महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठावर घोड्यांची लीद पडते ती पावसात कुठं जाते हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ नको, ते तळं नुसतं बोटिंगचं नाही, पिण्याचं पण आहे. असो, आपल्या पार्किंगवर येते.

कॉन्ट्रॅक्टरनं आम्हाला तीन वस्तूंचं पॅकेज दिलं होतं. गेटजवळच्या पट्ट्यात रेन गार्डन, व्हिजिटर पार्किंगमध्ये ग्रास पेव्हर, आणि शेवटच्या चेंबरमध्ये स्टीलची जाळीची बास्केट, तिच्यात तेल शोषणारे पॅड. चौथी एक आयडिया त्यानं फुकटात सुचवली होती, पार्किंगचं पाणी सरळ बोअरमध्ये सोडू, रिचार्ज पण होईल. ही आयडिया कुणी दिली तर हात जोडून नाही म्हणा. छतावरचं पाणी गाळून बोअरला देणं वेगळं, ते बऱ्यापैकी स्वच्छ असतं. पार्किंगचं तेलकट पाणी केसिंगमधनं, म्हणजे बोअरच्या पायपातनं, थेट खाली सोडलं की मधे गाळायला माती पण नाही, आपणच आपल्या बोअरमध्ये तेल ओतल्यासारखं. आमच्याकडं यावर चक्क मतदान झालं आणि दोघंजण बाजूनं होते, बोअर आटलाय ना उन्हाळ्यात, माणूस कशालाही तयार होतो.

आता रेन गार्डन. नाव ऐकून लोकांना कारंजं वगैरे वाटतं. प्रत्यक्षात हा एक खोलगट वाफा आहे, बशीसारखा, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सहाएक इंच खाली, आत भुसभुशीत वाळूचं मिश्रण आणि वर झाडं. पाणी त्यात येऊन थांबतं, गाळ वर बसतो, पाणी खाली मुरतं, आणि मुरताना माती, मुळं आणि मातीतले जिवाणू मिळून बरीचशी घाण धरून ठेवतात. आमचा पट्टा साधारण ४० चौरस मीटर. सहा इंच पाणी धरलं तर सहा हजार लिटर. म्हणजे पार्किंगवरच्या पहिल्या १० मिलिमीटर पावसाचं पाणी यात पूर्ण मावतं आणि बाकीचं ओव्हरफ्लोच्या पायपातनं गटारात जातं. मला पहिल्यांदा वाटलं हे फारच कमी झालं, पण सगळ्यात घाण असतं ते सुरुवातीचंच पाणी, त्यात पण वळवाचं. महिनोन् महिने साठलेलं तेल-धूळ वळवाच्या पहिल्या सरीत एकदम निघतं, ते पाणी बादलीत धरून बघा, चहा परवडला.

आणि इथंच कॉन्ट्रॅक्टरनं माती खाल्ली. कोटेशनमध्ये लिहिलं होतं, मृगाच्या आधी काम पूर्ण. सात जूनच्या आधी म्हणजे आधीच की, असं आम्हा सगळ्यांना वाटलं असणार, पण वळीव मे महिन्यातच येऊन गेला आणि तेव्हा खळगा नुसता उकरलेला, मातीचा ढीग गेटजवळ, तो सगळा ढीग वाहून गटारात. तळं वाचवायच्या कामानंच तळ्यात ट्रॉलीभर माती घातली. त्यामुळं तारीख लिहून घेताना मृग लिहून घेऊ नका, एप्रिलची पंधरा-वीस तारीख लिहून घ्या, आणि उकरलेली माती ताडपत्रीनं झाकायची हे पण कागदावर लिहा. लिहिलं नाही तर कुणी झाकत नाही.

दुसरी गोष्ट वाळू. नदीची वाळू मिळत नाही आणि मिळाली तरी घेऊ नये, तेवढ्यासाठी आपण नदी उकरणार का, त्यामुळं क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, आली. पण ती न धुतलेली होती. क्रश सँडमध्ये दगडाची पिठासारखी डस्ट असते, पाणी पडलं की ती खाली बसून थर धरते आणि वाफा सिमेंट केल्यासारखा घट्ट होतो. पहिल्या मोठ्या पावसात पाणी भरलं ते तिसऱ्या दिवशी पण तसंच, आणि तळमजल्यावरच्या काकूंनी डेंग्यू होणार म्हणून ग्रुपवर फोटो टाकले. काकूंचं चुकीचं नव्हतं. अंड्यापासून डास उडायला साधारण आठवडा तरी लागतो, म्हणून हा वाफा एक-दोन दिवसांत रिकामा झालाच पाहिजे, नाहीतर तो वाफा नाही, डबकं आहे. शेवटी वरचा थर काढून धुतलेली वाळू भरून घेतली, कॉन्ट्रॅक्टरच्या खर्चावर, बरीच वादावादी होऊन. त्यानंतर संध्याकाळी भरलेला वाफा सकाळी रिकामा दिसायला लागला आणि खरं सांगते, भर पावसात छत्री घेऊन बघायला उभी राहिले होते मी.

काम द्यायच्या आधी खड्ड्याची टेस्ट करायला लावा, याला पैसे लागत नाहीत. फूटभर खोल खड्डा, पाण्यानं भरायचा, मुरू द्यायचा, परत भरायचा आणि मग तासाला पाणी किती इंच उतरतं ते पट्टीनं मोजायचं. पहिल्यांदा भरलेलं मोजू नका, कोरडी जमीन कितीही पिते. आमच्याकडं खाली मुरूम लागला म्हणून जमलं. सांगली-मिरजेकडं माझी बहीण राहते, तिला मी हे सांगितलं तर तिनं लगेच कॉन्ट्रॅक्टरचा नंबर मागितला, पण त्यांच्याकडं काळी माती. ती भिजली की फुगते आणि पाणी आत घेतच नाही, तिथं खाली खडी आणि भोकाचा पाईप टाकून पाणी गाळून बाहेर काढावं लागतं, नाहीतर सगळा पावसाळा डबकं. खर्च वाढतो. आणि भिंतीपासून, पायापासून दहा फूट तरी लांब करा, हे सगळ्यांनाच.

झाडं. वाळा लावला तो एकदम भारी निघाला. मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, दोन-तीन मीटर सहज, त्यामुळं माती पण धरून ठेवतो आणि पाण्याला खाली जायला वाटा पण करतो. पाण्यात उभा राहतो आणि एप्रिलच्या उन्हात पाणी घातलं नाही तरी मरत नाही, रेन गार्डनला नेमकं असंच झाड लागतं, चार महिने पूर आणि आठ महिने दुष्काळ सोसणारं. कर्दळ पण टिकली, उन्हाळ्यात वरनं वाळली, गड्डे जिवंत राहिले. अळू मात्र कॅटलॉगमध्ये दिसायला छान म्हणून लावला होता, तो मार्चलाच गेला. गेला ते बरंच झालं, कारण श्रावणात त्याची पानं वडीसाठी तोडून न्यायला सुरुवात झाली होती. मी बोर्ड लावला, इथली पानं खाऊ नका, तर एकजण म्हणाले, नैसर्गिक आहे की. अहो नैसर्गिक कसलं, ब्रेकची धूळ आणि इंजिन ऑइल पिऊन वाढलेलं अळू ते, त्यात तांबं-जस्त काय काय आलेलं असणार. खायचं काहीही या वाफ्यात लावू नका, कढीपत्ता पण नाही.

आणि खत! कॉन्ट्रॅक्टरच्या माळीमामांनी लागवड करताना पाटीपाटीनं शेणखत घातलं आणि वरनं मूठमूठ डीएपी. डीएपीच्या पोत्यावरच लिहिलेलं असतं, १८-४६, म्हणजे त्यात १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद (फॉस्फेटच्या, म्हणजे पी२ओ५ च्या रूपात मोजलेलं). जे तळ्यात जाऊ नये म्हणून आपण एवढा खटाटोप करतोय तेच आणून आपण वाटेत पेरायचं. मामांना विचारलं तर म्हणाले, ताई झाडं जोमात येत्यात. येणारच. शेणखत सुद्धा इथं अगदी थोडं पाहिजे, जास्त झालं तर वाफा स्फुरद धरायच्या ऐवजी सोडायला लागतो. वाळ्याला आणि कर्दळीला खत लागतच नाही, पार्किंगच्या पाण्यातनं भरपूर मिळतं त्यांना. ही गोष्ट कॉन्ट्रॅक्टरला माहीत होती, माळ्याला कुणी सांगितली नव्हती, इतकंच.

ग्रास पेव्हर. भोकाचे ब्लॉक, भोकात गवत, दिसतं छान, फोटोत तर लयच छान. पण ब्लॉकच्या खाली त्यांनी नेहमीच्या पद्धतीनं मुरूम टाकून रोलर मारून दगडासारखा घट्ट केला आणि त्याच्यावर डस्ट पसरली. मग पाणी मुरणार कुठं? ब्लॉकला भोकं असून उपयोग नाही, ब्लॉकखाली मोकळी खडी पाहिजे, बारीक माल नसलेली, पाणी तिच्या पोकळीत थांबून सावकाश खाली जाईल अशी. हे काम पेव्हिंग ब्लॉकवाल्या नेहमीच्या टीमनं केलं आणि त्यांना आयुष्यभर पाणी खाली जाऊ द्यायचं नाही हेच शिकवलेलं. शिवाय गाडी जिथं रोज उभी असते तिथं ऊन नाही, तिथलं गवत दिवाळीपर्यंत गेलं, आता भोकात माती आणि सिगारेटची थोटकं. यासाठी जे पैसे गेले त्यात रेन गार्डन अजून मोठी झाली असती.

जाळीला अर्धा स्टार, कारण ती पुड्या, पानं, बाटल्या अडवते आणि तेवढं तिनं नीट केलं. बारीक माती अडवत नाही, विरघळलेलं तर काहीच नाही, आणि विकताना मात्र फिल्टर म्हणून विकली. भरली की पाणी वरनं उडी मारून जातं, म्हणून पावसाळ्यात ती सारखी रिकामी करावी लागते. ते कोण करणार हे कोटेशनमध्ये नव्हतं. पहिले काही दिवस वॉचमनदादांनी केलं, मग त्यांनी सांगितलं हे माझं काम नाही, बरोबर आहे त्यांचं, हातमोजे पण दिले नव्हते कुणी. आता मेंटेनन्समधनं महिन्याला ठरवून पैसे देतो, गाळ काढायचा, वाफ्याच्या तोंडाशी जिथं पाणी आत येतं तिथला गाळ पण खरवडायचा, तेव्हापासून सगळं नीट चाललंय. हा खर्च सेल्समन सांगत नाही आणि मीटिंगमध्ये कुणी विचारत नाही. माझ्या मते एवढ्या सगळ्यात सगळ्यात वसूल झालेला पैसा हाच आहे, पॅकेजमध्ये नसलेला.

तेलाचे पॅड मात्र कामाचे. पांढरे, गादीच्या तुकड्यासारखे, पाणी पित नाहीत पण तेल पितात, वळवानंतर काढले तर काळेकुट्ट. पण एक भानगड आहे. गाडी शाम्पूनं किंवा धुण्याच्या पावडरनं धुतली की साबण तेलाचे बारीक बारीक थेंब करून पाण्यात मिसळून टाकतो आणि असलं मिसळलेलं तेल पॅडला सापडत नाही, सगळं आरपार. म्हणजे पॅड बसवायचे आणि वरनं फेस करून गाड्या धुवायच्या, हे दोन्ही एकत्र चालत नाही. आमच्याकडं यावरनं जे झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही, दोन फ्लॅटवाले अजून माझ्याशी बोलत नाहीत. ठराव असा झालाय की पार्किंगमध्ये ओल्या फडक्यानं पुसायची, धुवायची असेल तर वॉशिंग सेंटरला न्यायची, आणि न्यायच्या आधी सेंटरवाल्याला त्याचं पाणी कुठं जातं हे विचारायचं, तेल-गाळ अडवायचा चेंबर आहे का बघायचं, नाहीतर आपली घाण नुसती पुढच्या चौकात. वापरलेले पॅड कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, तेलानं माखलेला कचरा घातक कचऱ्यात येतो, २०१६ चे नियम आहेत त्याचे. आम्ही सध्या झाकणाच्या डब्यात साठवतोय आणि एका गॅरेजवाल्यानं त्याच्या जुन्या ऑइलबरोबर द्यायचं कबूल केलंय.

खर्च विचाराल तर आम्हाला सगळं मिळून लाखाच्या वर गेलं, फ्लॅट जास्त असल्यामुळं माणशी झेपलं. परत करायचं झालं तर फक्त रेन गार्डन आणि जाळी करीन, स्थानिक माळ्याकडनं वाळ्याची रोपं घेईन, वाळू स्वतः उभी राहून बघून घेईन, मुठीत घेऊन पाण्यात सोडली की पाणी गढूळ झालं तर गाडी परत. ग्रास पेव्हर नाही. जाळी गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडनं करून घेईन, कंपनीच्या निम्म्यात होते, मी विचारून आले.

तळ्यात फरक पडला का असं आमचे एक आजोबा मला दर रविवारी विचारतात. आमच्या एका पार्किंगनं तळं कसं काय बदलणार, वरच्या अंगाला अशा किती बिल्डिंगी आहेत. गेटमधनं बाहेर पडणारं पाणी मात्र बदललंय, साध्या सरीला तर ते बाहेर पडतच नाही, आणि मोठ्या पावसात ओव्हरफ्लो होतं ते तरी पूर्वीसारखं काळं दिसत नाही. शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी येऊन खड्ड्याची टेस्ट बघून गेलेत, त्यांचं पार्किंग आमच्या दुप्पट आहे, त्यांनी केलं तर जास्त फायदा.

एक विचारायचं होतं, ते तेलाचे पॅड सातारा-कराड-सांगली भागात सुटे कुठं मिळत असतील तर खाली सांगा, ऑनलाइन घ्यायचे तर शंभरचा बॉक्सच घ्यावा लागतोय आणि आम्हाला वर्षाला त्याच्या निम्मे पण लागत नाहीत.